कोरगावच्या देवीची काळी प्रभावळ

आपलं काम बिघडत नाही, अशा गुर्मीत मी कोल्हापुराहून निघालो. गोव्यातल्या कोरगावच्या एका घरासाठी चार वर्षांपूर्वी शांतादुर्गेचं चित्र केलं होतं. देवीमागची सोनेरी प्रभावळ काळी पडलीय, असा त्यांचा फोन आला. धूर बसला असणार, पुसून येऊ, एवढाच माझा अंदाज.

आंबोलीचा घाट उतरून बांदा, दोडामार्ग, मग डिचोली. बाजारात पातळभाजी आणि उंडो पाव खा, पोट भरतं आणि खिसाही हलका होत नाही. तिथल्या एका सोनाराला मी त्या प्रभावळीला लावून उरलेला वर्ख दाखवला. खऱ्या सोन्यापेक्षा जास्त चमकतो म्हणून तो मी मोठ्या हौसेनं निवडला होता. त्यानं बोटावर चोळला.

"ह्यां पितळ. खाऱ्या वाऱ्याक टिकाचां नाय."

मला पटेना. त्याच्याकडून खऱ्या सोन्याचा वर्ख घेतला (किंमत ऐकून घाम फुटला) आणि मांद्र्याला समुद्राजवळ खोली घेतली. पंखा बंद केला, कारण वर्ख श्वासानंसुद्धा उडतो. एका काचेवर दोन्ही वर्खांची एकेक पट्टी चिकटवली, समुद्राचं पाणी शिंपडलं आणि काच खिडकीत ठेवली. दोन दिवस मजेत मासे खाल्ले. तिसऱ्या सकाळी पितळ काळंहिरवं झालं होतं, सोनं जसंच्या तसं.

काच घेऊन कोरगावला पोचलो. चहा सून सुलभानं दिला, बोलल्या तिच्या सासूबाई, लक्ष्मीकाकी. सुलभा लग्न होऊन आली आणि त्याच पावसाळ्यात देवी काळवंडली. तेव्हापासून सुलभानं देवाजवळ दिवा लावायचा नाही, असं घरात ठरलेलं. काकी हे तिच्यादेखत सांगत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काच त्यांच्यासमोर ठेवली. "काकी, चूक माझी. पितळ मी लावलं. हिचा यात काडीचाही दोष नाही."

काकींनी काच उलटसुलट करून पाहिली. मी जुना वर्ख खरवडला, खरं सोनं चढवलं. यात अख्खा दिवस गेला. हे सोनं मंद दिसतं, पण आता ते काळं पडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तिन्हीसांजेला काकी म्हणाल्या, "सुलभा, आज दिवो तू लाय गो."

घरी येऊन आठवडा झाला. काल सुलभानं फोटो पाठवला. दिवा तेवतोय, प्रभावळ झळकतेय आणि शेजारी माझी ती डागाळलेली काच उभी. मी लाजून फोन केला, म्हटलं, आता काढून टाका ती.

"नाय दादा," ती म्हणाली. "ती थंयच ऱ्हवांदे."