हजेरीच्या वहीतला खोकला

मी गोळी सोडणार नव्हते आणि गाणंही सोडणार नव्हते. गेल्या वर्षी ज्याने त्याने मला यातलं एक सोडायला सांगितलं, आणि मी प्रत्येकाशी भांडले.

आमच्या श्रीरामपूरच्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी भजनाचं पहिलं कडवं एकटीने म्हणायचं असतं. पेटी, तबला थांबतो आणि एक बाई उभी राहते. आधी ती बाई माझी आई होती. तिला बीपी होतं. बरं वाटायला लागलं म्हणून तिने आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या आणि एका दुपारी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचाही गेली. शेवटचे दोन नाताळ ती पहिल्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हापासून ते कडवं माझं.

पुढे मलाही बीपी निघालं. नगरच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी मी न चुकता घेऊ लागले. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला नियम पाळणं काही अवघड नसतं. बीपी सुतासारखं सरळ आलं आणि खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, नुसता कोरडा. ओळ म्हणायला श्वास घेतला की घशात कुसळ अडकल्यासारखा उठायचा.

इथे मी माझं शहाणपण दाखवलं. बीपीचे डॉक्टर नगरला, खोकल्याचे गल्लीच्या तोंडाशी. ज्याचं दुखणं त्याला दाखवावं, ही आमची रीत. गल्लीतल्या डॉक्टरांनी औषधाच्या बाटल्या दिल्या, छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. त्यांना मी गोळीचं सांगितलं नाही आणि नगरला खोकल्याचं सांगितलं नाही. उलट नगरला जाताना एसटीत खडीसाखर चघळत बसायचे, मोठ्या डॉक्टरांसमोर खोकला नको म्हणून. शिकलेली बाई!

राहात्याहून नणंद आली होती. तिने अडुळसा पाजला, ज्येष्ठमध चघळायला लावलं. काही उपयोग होईना तेव्हा म्हणाली, "वयनी, ती बीपीची गोळीच सोडा की. रोज येवढं औषध पोटात गेल्यावर आवाज ऱ्हातोय व्हय?"

"गोळी सोडून माझी आई गेली," मी ओरडले. "पुन्हा या घरात ते बोलायचं नाही!"

रागाने तिने दोन दिवस मला अडुळसाही दिला नाही. तिसऱ्या दिवशी पेटीवाले मास्तर घरी आले. "बाई, यंदा कडवं दुसरीला देऊ. तुम्ही मागे बसून साथ करा."

मी किती सरावांना हजर होते ते मास्तरांना दाखवावं म्हणून हजेरीची वही काढली. शाळेची सवय जात नाही, त्यामुळे भजनाच्या बायकांचीही हजेरी मीच ठेवते, शेऱ्यासकट. सून बाळंत. कांदे काढायला गेली. पाहुणे. माझ्या नावापुढे एकच शेरा सारखा येत होता, खोकला. मी पानं मागे उलटत गेले. जिथे खोकला पहिल्यांदा लिहिला होता, त्याच्या दोनच आठवडे आधी माझा एकुलता एक खाडा होता. गैरहजर, नगरला गेले, बीपीची गोळी सुरू. त्याआधी पानांमागून पानं खोकल्याचं नाव नव्हतं. नणंदेचं बोलणं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं: खोकला गोळीचाच असणार. वही घेऊन मी नगर गाठलं.

नगरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं. "उत्तम. हीच गोळी चालू ठेवा."

"बीपी उत्तम आहे, पण मला गाता येत नाही."

"या वयात आवाज थोडा..."

"वयाचं सांगू नका. ही वही वाचा."

ते हसले. मग वाचायला लागले आणि हसायचे थांबले. "काहींना या जातीच्या गोळीने कोरडा खोकला येतो. आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत आणि मी खडीसाखर चघळत आले."

त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली. उद्यापासून जुनीच्या जागी ही, मध्ये एक दिवसही खाडा नको, पंधरा दिवसांनी बीपी दाखवा, खोकला जायला काही आठवडे लागतील. मी ते सगळं वहीतच लिहून घेतलं.

पहिले काही दिवस खोकला तसाच होता. मग रात्रीचा थांबला, नंतर दिवसाचाही. बीपी जागच्या जागी राहिलं. पुढच्या सरावाला दुसरी बाई कडवं म्हणायला उठली, तशी मीही उठले.

"बाई, यंदा ठरलंय ना..." मास्तर म्हणाले.

"पेटी थांबवा," मी म्हटलं आणि कडवं सुरू केलं. मी संपवेपर्यंत ती बिचारी आपणहून खाली बसली होती.

नाताळच्या सकाळी तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज लख्ख होता. मग माझी नजर पहिल्या बाकावर गेली, आईच्या जागेवर, आणि घसा दाटला. खोकला आला असं समजून मास्तरांनी मला सांभाळून घ्यायला पेटीवर हात ठेवला. मी मान हलवून नको म्हटलं.

खोकला नव्हता तो. रडू होतं. तशीच रडत मी कडवं शेवटपर्यंत म्हटलं. त्यावर औषध मागायला मी कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाही.