चनमल्लप्पाचा ओळंबा

वाकड्या पाठीची माणसं बघितली की चनमल्लप्पाला शिसारी यायची. मोबाईलमध्ये मान खुपसलेली पोरं, गल्ल्यावर पोट सोडून बसलेले दुकानदार, सगळ्यांना त्याचा एकच शेरा, ही काय पाठ म्हणायची! तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. निम्म्या सोलापुरात त्यानं भिंती उभ्या केल्या, आणि गुडघे गेल्यावर आता मठाच्या सभामंडपात रोज सकाळी बायकांना योगासनं शिकवत होता. ताडासनात कोण जरा कलली की नाक मुरडून काठीनं तिची मान, खांदा सारखा करायचा. भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा, ते दोरीला बांधलेलं पितळी वजन, घरी खुंटीला लागून दोन वर्षं झाली होती. आपला डोळाच ओळंबा, असं तो छाती काढून सांगायचा. काय ती घमेंड!

नीलम्मा कडक भाकऱ्या करून विकायची. दिवसाला दोनशे थापायच्या, त्याही बसून. पाठ धरली तर धंदा बसला, म्हणून ती इथं आली. दोन महिन्यांत पाठ राहिली बाजूला, मान आखडली आणि डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. थापता थापता हात थांबायचा. चनमल्लप्पाचं म्हणणं, बाईला धड उभंच राहता येत नाही. चारचौघींत तो म्हणाला, "तुझ्याकडं बघून मळमळतंय मला."

नीलम्मा अक्कलकोटची, ऐकून घेणारी नव्हे.

"मास्तर, उद्या ओळंबा आणा की."

त्यानं रागारागानं आणला, छताच्या कडीला टांगला, पंखा बंद केला. नीलम्मा दोरीमागं उभी राहिली. नाक, बेंबी, दोन टाचांमधली फट, सगळं दोरीच्या रेषेत. मग त्यानं सवयीनं काठी लावून तिला सरळ केलं, आणि तिचं नाक दोरी सोडून दोन बोटं तिच्या डावीकडं गेलं. त्यानं दुसरीला बोलावलं, तिसरीला बोलावलं. त्याच्या हाताखालच्या अकराच्या अकरा बायका डावीकडं कललेल्या.

"आता तुमी उभं राहा," नीलम्मा म्हणाली.

तो राहिला. तिनं एक डोळा मिटून बघितलं.

"नाक न्हाय सापडत दोरीला. उजवा गाल सापडतोय."

उमेदीत सिमेंटची पोती उजव्या खांद्यावर वाहून त्याचं धड कधीच डावीकडं गेलं होतं. तो बायकांना आपल्यासारखं करत बसला होता, वर त्यांनाच नावं ठेवत होता. त्याला आता स्वतःचीच किळस आली.

"डाव्या हाताला अजून मुंग्या येतात?" त्यानं विचारलं.

"लई."

त्यानं काठी तिच्यापुढं धरली. ती तिनं भिंतीला टेकवून ठेवली, आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं, मग खांदे, हळूहळू दोरीमागं आणले. आता तो अगदी सरळ होता. आणि त्याला वाटलं, आपण उजवीकडं कोसळतोय. घाबरून त्यानं नीलम्माचा हात धरला, तो नेमका डावा होता.