दोन वेळांची सावली

गणिताच्या बाईंना एकच खोड होती. समोरच्याचं वाक्य त्या स्वतःच पुरं करून टाकायच्या. घरी नवरा म्हणायचा, "अगं, आज मला जरा..." की बाई, "डोकं दुखतंय ना? गोळी कपाटात आहे." त्या बिचाऱ्याला भूक लागलेली असायची.

ही खोड वर्गात अंगाशी आली ती गेल्या वर्षी. मान खाली घालून बोलते म्हणून सगळे जिला पुटपुटी म्हणत, ती मुलगी आयुष्यात पहिल्यांदा हात वर करून उभी राहिली. "बाई, मला वाटतं..." एवढंच म्हणाली, आणि पुढचं बाई बोलून गेल्या. ती बसली. त्यानंतर तिने हात वर केला नाही.

यंदा दहावीला बाईंनी जोडीने काम सुरू केलं, आणि स्वतःचं विणकाम वर्गात आणलं. मुलं अडली, आपली जीभ वळवळली, की बोलायचं सोडून टाके मोजायचे. पुटपुटीची जोडी त्यांनी मुद्दाम कर्ण्याशी लावली. कर्णा म्हणजे तिच्याच बाकावरची, तीन वर्गांपलीकडे ऐकू जाणारी मुलगी.

त्या दिवशी काम होतं एका काठीची आणि झाडाची सावली मोजून अंगणातल्या झाडाची उंची काढायचं. मापं आधीच घेऊन झाली होती. दुपारचं ऊन खिडकीतून उतरून बाकांवर आडवं झालं होतं, खडूची धूळ त्यात संथ तरंगत होती. पेन्सिलींची कुरकुर दुरून आल्यासारखी वाटत होती. बाईंना क्षणभर कळेना, आपण बाई आहोत की बाकावरची कुणी मुलगी.

"अठ्ठेचाळीस मीटर!" कर्णा कडाडली. "झालं बाई!"

तीन मजली शाळेच्या चौपट झाड! बाईंच्या ओठांवर शब्द आले. एक, दोन, तीन टाके.

"पण तू सावली कधी मोजलीस?" पुटपुटीने विचारलं.

"झाडाची मी, दुसऱ्या तासाला. काठीची तू, मधल्या सुट्टीत. अर्धं तुझं, अर्धं माझं. वाटून घेतलं होतं ना?"

"मग आपण..."

पुटपुटी थांबली. तिने बाईंकडे पाहिलं. ती वाटच पाहत होती, वाक्य काढून घेतलं जाण्याची. सुया थांबल्या. बाईंनी ओठ इतके घट्ट मिटले की दुखले. ऊन एका बाकावरून दुसऱ्यावर सरकलं असावं.

"...आपण दोन वेगळ्या वेळांच्या सावल्या एकत्र धरल्या. सकाळची लांब, दुपारची आखूड. उद्या दोन्ही एकदमच मोजू." आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला.

"आधी नाही सांगायचं गं, मुके!" कर्णा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, आज मला जरा..."

बाई गप्प राहिल्या. तो थांबला, गोंधळला.

"पुढे काय म्हणायचं होतं, तेच विसरलो," तो म्हणाला. "इथपर्यंत कधी आलोच नव्हतो."

"सावकाश आठव," बाई म्हणाल्या, आणि सुटलेले टाके उचलू लागल्या.