तारेचा धडा

महाडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो, तेव्हा सकाळी शाळेआधी एक वेगळा वर्ग घ्यायचो. कोर्टातले कारकून, एसटी डेपोतले दोघे, पोस्टातला एक आणि कॉलेजच्या परीक्षेला बाहेरून बसणारे पाच-सहा जण. पुस्तकातले धडे बर्फाचे आणि शेकोटीपाशी बसलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यांचे. त्यावर कारकून खुशाल डुलक्या काढायचे. मला राग यायचा, तोही पुस्तकाचा नाही, कारकुनांचा. शेवटी एक दिवस पुस्तक बाजूला सारलं आणि धडे मीच रचायला बसलो. आज शिकलेलं उद्या कामाला आलं पाहिजे, एवढंच ठरवलं. मग समन्सचा धडा झाला, गाडी वेळेवर न आल्याच्या तक्रारीचा झाला, साहेबाकडे रजा मागण्याचा झाला. डुलक्या थांबल्या.

सगळ्यांत रंगला तो तारेचा. आमच्या खोऱ्यात घरटी एकजण तरी मुंबईच्या गिरणीत. शिमग्याला देवाची पालखी दारी येते, तेव्हा तो घरी हवाच. गिरणीतला साहेब पालखीसाठी रजा देत नसे, बाप आजारी असला तर देई. म्हणून गावाकडून तार जायची : फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. पूर्वी लोक ती ज्याच्या-त्याच्याकडून वाटेल तशी लिहून घेत. मी ती वर्गात नेटकी बसवून दिली, सगळ्यांकडून घोटून घेतली, वह्या तपासल्या. त्या साली अख्ख्या तालुक्यातले बाप एकाच शुद्ध इंग्रजीत आजारी पडले, आणि मला त्याचा अभिमान होता.

माझा थोरला भाऊही गिरणीत. त्यालाही मी दरसाल हीच तार करायचो. नाते या आमच्या गावी घराच्या ओटीवर बसून वडील विचारायचे, "यंदा मला शिरेस केलास काय रे?" आणि स्वतःच हसत सुटायचे.

चौथ्या साली शिमग्याच्या दहा-बारा दिवस आधी वडिलांना ताप भरला, छातीत कफ दाटला. महाडहून डॉक्टरांना आणलं. त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, मुंबईच्या मुलाला बोलावून घ्या. मी पोस्टात गेलो, फॉर्म घेतला आणि तीच तार लिहिली. हात आपोआप चालला. खिडकीत माझाच विद्यार्थी होता. फॉर्म वाचून तो गालात हसला.

"सर, यंदा लवकर?"

"या वेळी खरं आहे," मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली आणि तार लावली. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मजकूर बिनचूक आहे, एवढंच मी पाहिलं.

वडील दोन दिवस दाराकडे तोंड करून पडून होते.

"थोरला आला काय रे?"

"येतोय."

"बघ जा, गाडी आली असंल."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मुंबईची दुपारची गाडी येईपर्यंत आम्ही त्यांना तसंच ठेवलं. गाडी आली, भाऊ नव्हता. थोरल्याचा मान होता, पण अग्नी मी दिला. मला रडू आलं नाही. लाकडं ओली आहेत की वाळलेली, ते मी बघत होतो.

भाऊ दुसऱ्या दिवशी आला. पिशवीत वडिलांसाठी नवं धोतर, पोरांना पिचकाऱ्या. माझं भादरलेलं डोकं पाहून तो अंगणातच थांबला.

"मला वाटलं, नेहमीचीच तार हाय," तो म्हणाला. "रजा मिळाली, म्हणून दोन दिस बाजार करीत बसलो."

त्यानं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. हे धोतर कुठं ठेवू, एवढंच त्यानं आईला विचारलं. सुतक होतं, म्हणून पालखी आमचं दार टाळून पुढं गेली.

तेरावं झाल्यावर मी वर्ग सुरू केला. फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढं काय शिकवायचं होतं तेच आठवेना. तेवढ्यात मागच्या बाकावरचा कोर्टातला कारकून उभा राहिला. तो कुडपणचा, वरच्या डोंगरातला.

"सर, बाबांना लय बरं नाय. मुंबईला भावाला कळवायचं हाय. खरोखरचं हाय सर. तारेत काय लिहू?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू खाली ठेवला.

"तार करू नकोस," मी म्हणालो. "माणूस पाठव."

तो तसाच निघून गेला. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.