माझ्या वाटणीचं ऊन

सुपारीच्या वाडीत सगळं मिळतं, ऊन तेवढं मिळत नाही. आमच्या चौलच्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. म्हणून खळ्याला भाव. सुपारी वाळवायला तेवढीच एक उघडी जागा. सासरे गेल्यावर दोघा भावांत वाटण्या झाल्या, तेव्हा खळ्यातही मधोमध चिऱ्यांची ओळ बसवली. अर्धं ऊन दिराचं, अर्धं आमचं. त्या अर्ध्या खळ्याच्या जोरावर मी दिराची कशी जिरवली, ते सांगते. सांगताना अजून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

हे गेले, त्यानंतर मला घर राहिलं आणि यांनी हौसेनं घेतलेली विजेवरची गाडी. चालवायला यांनीच शिकवलेलं. लेक पनवेलला असते. तिचा एकच धोशा, "आई, एकटी कशाला राहतेस? इकडे ये." मी म्हणायची, गाडी आहे ना दाराशी. दवाखाना, बँक, रेवदंड्याचा बाजार, माझं मी करते. यावर ती विषय बदलायची. म्हणजे गाडी चालतेय तोवर मी चौलात, हे आम्हा दोघींचं न बोलता ठरलेलं.

दिराला हे पक्कं माहीत. त्यानं पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, आणि जेवणाची टेबलं मांडायला त्याला माझी ओसरी दिसत होती. "वहिनी, गाडी विका, लेकीकडं जा, आराम करा." बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात.

एकदा मी लेकीकडून आठवड्यानं परत आले, तर गाडी ठार बंद. दारही उघडेना. विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी पळवते, आणि पुढच्या झाकणाखाली एक लहान असते, ती गाडीला जाग आणते. लहान मेली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही उपयोग शून्य. अलिबागहून माणूस आणून ती चार्ज करून घेतली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दिरानं तोवर गावभर केलं, "दादाची गाडी बाद झाली."

दुसऱ्या खेपेला मात्र मी आत नीट बघितलं. छतातल्या दिव्याचं बटण चालूवर होतं. आमच्या गाडीत तो दिवा आपला आपण विझत नाही. आणि सीट वीतभर मागे सरकवलेली. मी बुटकी बाई, स्टिअरिंगला नाक लावून बसते. आमच्यात लांब तंगड्यांचा एकच, दीर. जादा चावी यांच्या आजारपणात त्याच्याकडेच ठेवायला दिली होती.

अस्सं! मेल्या, भाऊ जाऊन वर्ष झालं नाही, आणि त्याच्या गाडीत चोरासारखा शिरून दिवा लावून जातोस?

चावी परत मागितली असती तर विषय मिटला असता. मला मिटवायचा नव्हता. चार माणसांत त्याचं थोबाड उतरलेलं बघायचं होतं.

लहान बॅटरीला घरातून वायर देता आली असती, पण दोन्ही घरांचे मीटर त्याच्या ओसरीवर. खटका खाली ओढायला त्याला काय वेळ? ऊन मात्र त्याच्या मीटरमधून येत नव्हतं. मी सोलरचं एक पॅनल आणलं, माझ्या अर्ध्या खळ्यात उभं केलं, वायर पाइपात घालून जमिनीखालून गाडीच्या शेडमध्ये नेली आणि गाडीच्या खालून वर काढून लहान बॅटरीला जोडून घेतली. बॅटरी जास्त भरू नये म्हणून मधे एक डबी बसते, तीही बसवली. त्या वर्षी माझी सुपारी ओलीच विकली. दिरानं विचारलं, तर म्हटलं, "रात्री दारात उजेडाला."

"लोकं सुपारी वाळवतात, वहिनी काच वाळवतात!" तो खो खो हसला. हस बाबा, म्हटलं.

मग त्याच्या देखत गाडीवर कव्हर घातलं, "तीन आठवडे लेकीकडे चाललेय" असं दोनदा मोठ्यानं सांगितलं आणि गेले.

यांच्या वर्षश्राद्धाला लेकीबरोबर परत आले. घर पाहुण्यांनी भरलेलं. जेवणं उरकली आणि दीर एका माणसाला घेऊन आला. "वहिनी, गिराईक आणलंय. गाडी मेली हाय, पण हा घेतो म्हणतो. तुमचं वझं उतरेल." लेकीनं माझ्याकडे बघितलं. तिनं माझी बॅग भरायचं मनात धरलंच होतं.

"चला, दाखवू की," मी म्हटलं.

सगळे मागोमाग शेडमध्ये आले. मी कव्हर ओढलं. आत दिवा जळत होता. लख्ख!

मी चावीचं बटण दाबलं, दार उघडलं, आत बसले, गाडी चालू केली. पाय पुरेना, म्हणून सीट पुढे ओढली, तीही सगळ्यांसमोर. मग विचारलं, "भावजी, मी तीन आठवडे पनवेलला. हा दिवा कुणी लावला?"

तो पांढरा पडला. आणि मग रडायलाच लागला हो! "दादाची आठवन येते. त्याच्या जागंवर येऊन बसतो जरा. दिवा ऱ्हायला असंल." झालं, बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. माझी सख्खी आत्तेसासू त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. माझ्या तोंडचा घास पळवत होता मेला.

"आठवण येते ना भावाची?" मी म्हटलं, "मग त्याची गाडी विकायला गिऱ्हाईक कशाला आणलंत?"

आत्तेसासूचा हात थांबला. गिऱ्हाईकच आधी सटकलं. मी हात पुढे केला. दिरानं खिशातून चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली, आणि मान वर न करता गेला.

मला वाटलं, जिंकले. पण संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आता तर तुला इथं ठेवणारच नाही. असला माणूस शेजारी! गाडी चालो नाहीतर न चालो, तू चल."

"नाही येत," मी म्हटलं. "मी गेले तर रोज सकाळी त्याच्या डोळ्यांसमोरून गाडी कोण नेणार?"