बुलढाण्याला नेलेला काँप्युटर

तापलेल्या धुळीचा वास आला, की बुलढाण्याचं ते काँप्युटर दुरुस्तीचं दुकान आठवतं. दादा अपघातात गेला होता. त्यानं माइकवर म्हटलेलं एक गाणं घरच्या काँप्युटरमध्ये होतं, आणि तो सुरूच होईना. बाबांनी तो गोधडीत गुंडाळून आमच्या धाड गावाहून जीपनं तिथं आणला.

"सिस्टीमच्या फाइली उडाल्या. फॉरमॅट मारा लागते," दुकानदार म्हणाला.

"मारा. चालू झाला पायजे," बाबा म्हणाले.

नुसत्या त्या फाइली परत टाकूनही भागलं असतं, हे आज कळतं. आत काय आहे, हे त्यानं विचारलं नाही; फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पडदा उजळला. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"आता आमच्या पोराचं गाणं लावा," म्हणाले, आणि स्पीकरला कान लावून बसले.