ताई म्हणजे कोण

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर ताई राहतात. त्यांचं खरं नाव मला अजून माहीत नाही. जिन्यात चपला दिसल्या की ओरडतात, पाइप गळला की प्लंबरला धरून आणतात. मोठ्या बहिणीने वागावं तसं. वॉचमन हरियाणाचा. त्याच्याकडे ताई म्हणजे ताऊंची बायको, थोरली काकू. त्यामुळे तो त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही.

मग वरच्या मजल्यावर धारवाडकडचं नवं जोडपं आलं. ती मुलगी त्यांना 'तायी' म्हणायची. "आमच्या कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. तमिळमध्येही तसंच. तुमच्या ताईचा आणि त्याचा काही संबंध नाही, शब्दाचं मूळच वेगळं," असं तिच्या नवऱ्याने एकदा जिन्यात हसत सांगितलं. ताई हसल्या नाहीत. "आई म्हणते होय ती मला," एवढंच म्हणाल्या.

पुढे ती गरोदर राहिली. तिच्या माहेरी कुणीच उरलं नव्हतं. सातव्या महिन्यात ताई वर गेल्या आणि म्हणाल्या, "बॅग भर. पहिलं बाळंतपण आईकडे असतं."

बाळ झाल्यावरही सवा महिना ती ताईंकडेच होती. अळिवाची खीर, शेकशेगडी, सगळं रीतसर. शिवाय जिन्यात आम्हाला दटावणं होतंच, "हळू बोला रे, बाळ झोपलंय."

बारशाला शेजारच्या विंगमधल्या एका बाईंनी विचारलं, "बाळाचं आजोळ कुठलं?"

ती मुलगी काही बोलायच्या आत मीच ताठ मानेने सांगून टाकलं, "इथलंच. बी विंग, पहिला मजला."